अलास्कन हस्की : जातीचा दाखला नसलेला धावपटू

अलास्कन हस्की हा बर्फावर गाडी ओढणारा कुत्रा; पण ही जात नाही, हे आधी मान्य करावं लागतं. कोणत्याही मोठ्या श्वानसंस्थेच्या नोंदवहीत तिचं नाव नाही. निळे डोळे आणि झुबकेदार शेपटीमुळे सर्वांना ठाऊक असलेला सायबेरियन हस्की वेगळा. त्याला अमेरिकेत 1930 सालीच मान्यता मिळाली. अलास्कनची ओळख एकच : पळतो कसा.

सुरुवात सोन्याच्या शोधातली. माणसं उत्तरेकडे धावली आणि मिळेल तो दणकट कुत्रा गाडीला जुंपला गेला. गावठी कुत्र्यांशी त्यांची सरमिसळ झाली. 1908 मध्ये अलास्कातल्या नोम गावातून कुत्र्यांच्या गाड्यांची सुमारे 650 किलोमीटरची शर्यत सुरू झाली. पुढच्याच वर्षी सायबेरियातून आणलेले बुटके कुत्रे उतरले तेव्हा लोक हसले. 1910 मध्ये ते जिंकले. 1925 मध्ये कुत्र्यांच्या गाड्यांनी नोमला घटसर्पाचं औषध पोहोचवलं, ती दौड सर्वश्रुत आहे.

साठच्या दशकात स्नोमोबाइल, म्हणजे बर्फावर धावणारी मोटारगाडी, आली आणि खेड्यांतले कुत्रे भराभर कमी झाले. 1973 मध्ये सुरू झालेल्या इडिटारोड या लांब पल्ल्याच्या शर्यतीने त्यांना पुन्हा काम दिलं. पहिल्या विजेत्याला सुमारे 20 दिवस लागले. पुढे ही वेळ निम्म्याहून खाली आली. त्यामागे वाट आणि खुराक सुधारले हे आहेच, पण मुख्य म्हणजे निवड. जो ओढतो, खातो आणि ज्याचे पंजे टिकतात, त्याचीच पिल्लं ठेवायची.

वाद पेटला तो पूडलवरून. 1988 पासून काही वर्षं एकाने चक्क स्टँडर्ड पूडल जुंपून इडिटारोड पार केली. कुरळ्या केसांत बर्फाच्या गाठी, गारठलेले पंजे; काही कुत्रे वाटेतल्या मुक्कामांवर सोडावे लागले. मग नियम आला : फक्त उत्तरेकडच्या जातींचे कुत्रे. ऐकायला सरळ वाटतं. पण ज्या कुत्र्याला मुळात जातच नाही, तो कुठल्या जातीचा? 2010 च्या जनुकीय अभ्यासात कमी पल्ल्याच्या वेगवान कुत्र्यांत पॉइंटरचा अंश ठळक दिसला. पॉइंटर हा पक्षी हुडकणारा शिकारी कुत्रा, बर्फाशी त्याचा काय संबंध! लांब पल्ल्याच्या कुत्र्यांत मात्र मॅलाम्यूट (उत्तरेकडची गाडी ओढणारी दणकट जात) आणि सायबेरियन जास्त. म्हणजे नियमात शब्द जातीचा असला, तरी खरी चौकशी अंगावरच्या केसांची. माझ्या मते तेच योग्य, फक्त तसं स्पष्ट लिहायला हवं होतं.

स्कँडिनेव्हियात ही भीड कोणी बाळगली नाही. तिथे अलास्कन आणि जर्मन शॉर्टहेअर्ड पॉइंटर यांच्या संकरातून यूरोहाउंड तयार झाला. कमी पल्ल्यात तो भल्याभल्यांना मागे टाकतो. कडाक्याच्या थंडीत थांबला की मात्र त्याला अंगात जाकीट घालावं लागतं.