अमेरिकी काँग्रेसच्या उमेदवाराची शिक्षणाबद्दलची भूमिका सरकारी नोंदींतून कशी शोधायची: पात्रता, कागदपत्रं, अर्ज

अमेरिकेत 3 नोव्हेंबर 2026 ला काँग्रेसच्या, म्हणजे इथल्या संसदेच्या, हाऊस या कनिष्ठ सभागृहाच्या सगळ्या 435 जागांसाठी मतदान आहे. टपालात येणाऱ्या पत्रकांवर प्रत्येक उमेदवार 'मुलांच्या भविष्यासाठी' उभा असतो. इथल्या मराठी कुटुंबांत घर कुठे घ्यायचं हे शाळेवरून ठरतं, इतका हा विषय जिव्हाळ्याचा आहे. काँग्रेससाठी मत देताना मात्र तोच विषय आपण ऐकीव माहितीवर सोडून देतो, याचं मला वाईट वाटतं. कारण लागणाऱ्या बहुतेक नोंदी फुकट आणि घरबसल्या मिळतात.

आधी एक गोष्ट स्पष्ट करून घ्या. मुलाला आठवीत अल्जिब्रा मिळणार का, गिफ्टेडची चाचणी कशी होणार, शाळेची हद्द कुठून जाणार, हे काँग्रेस ठरवत नाही. ते स्कूल बोर्ड आणि राज्य ठरवतं. शाळांच्या एकूण खर्चात केंद्राचा वाटा साधारण दहाव्या हिश्श्याच्या आसपास असतो. काँग्रेसच्या हातात आहे ते वेगळंच: गरीब वस्तीतल्या शाळांचं टायटल वन अनुदान, गरजू विद्यार्थ्यांना कॉलेजसाठी मिळणारी पेल ग्रँट आणि केंद्राची विद्यार्थी कर्जं, 1980 पासून काम करणारा केंद्रीय शिक्षण विभाग ठेवायचा की नाही हा प्रश्न. विशेष गरजा असलेल्या मुलांच्या 1975 च्या कायद्यात अशा प्रत्येक मुलामागे देशातल्या दर विद्यार्थी सरासरी खर्चाच्या 40 टक्क्यांपर्यंत रक्कम केंद्र देईल असं ठरलं होतं, तो आकडा आजवर कधीच गाठला गेलेला नाही. ज्यांच्या घरी असं मूल आहे, त्यांनी उमेदवाराची नोंद काढताना पहिल्यांदा हेच शोधावं. नवीन विषय आहे शिष्यवृत्ती देणाऱ्या संस्थांना दिलेल्या देणगीवर 1,700 डॉलरपर्यंतच्या करसवलतीचा. ती 2025 च्या कायद्याने आली, 2027 पासून लागू होईल आणि त्यात सामील व्हायचं की नाही हे प्रत्येक राज्य ठरवेल.

पात्रता

नोंदी पाहायला कसलीच पात्रता लागत नाही. एच-वन-बी असो, विद्यार्थी व्हिसा असो, भेटीला आलेले आजी-आजोबा असोत, संकेतस्थळं सगळ्यांना खुली आहेत. केंद्राच्या माहिती स्वातंत्र्य कायद्याखाली, म्हणजे फोइआखाली, कोणतीही व्यक्ती अर्ज करू शकते. नागरिकत्वाची अट नाही. राज्यांचे कायदे वेगवेगळे आहेत. व्हर्जिनिया आणि टेनेसी हा हक्क आपल्याच राज्याच्या नागरिकांना देतात, आणि व्हर्जिनियाची ही अट सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये वैध ठरवली.

नोंदी मागणं आणि प्रचाराला पैसे देणं यांत गल्लत नको. व्हिसावर असलेल्यांनी देणगी देणं बेकायदा आहे. ग्रीन कार्ड असलेल्यांना देणगी देता येते, पण मत देता येत नाही. नोंदी वाचायला मात्र कुणालाही आडकाठी नाही.

काय हाताशी हवं

ऑनलाइन शोधासाठी उमेदवाराचं मतपत्रिकेवरचं पूर्ण नाव, मतदारसंघाचा क्रमांक आणि त्याने आधी भूषवलेली पदं वर्षांसह. ही पदांची यादी सगळ्यांत महत्त्वाची. नोंदी कुठे सापडतील ते तीच सांगते.

श्री ठाणेदार यांचं उदाहरण घ्या. बेळगावात वाढलेला हा मराठी माणूस 2018 मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत, उतरला, मग राज्याच्या हाऊसमध्ये गेला आणि जानेवारी 2023 पासून मिशिगनच्या 13 व्या मतदारसंघातून काँग्रेसमध्ये आहे. म्हणजे त्यांच्या नोंदी तीन ठिकाणी: 2018 च्या प्रचाराचा हिशेब राज्याकडे, आमदारकीच्या काळातली मतं मिशिगन हाऊसच्या जर्नलमध्ये (कामकाजाच्या नोंदवहीत) आणि पुढचं सगळं केंद्राकडे. कुठल्याही उमेदवाराचा असा नकाशा आधी कागदावर काढा.

उमेदवार आजच काँग्रेसमध्ये असेल तर

काँग्रेस डॉट गव्ह हे लायब्ररी ऑफ काँग्रेसचं संकेतस्थळ उघडा. सदस्याच्या नावाने शोधा आणि विषयाच्या गाळणीत शिक्षण निवडा. त्याने मांडलेली आणि सहप्रस्तावक म्हणून सही केलेली विधेयकं समोर येतात. सहीपुढची तारीख नक्की बघा. विधेयक मांडलं त्याच दिवशी सही करणारा आणि निवडणुकीच्या तोंडावर सही करणारा, यांत मला तरी मोठा फरक वाटतो. कुणी सही मागे घेतली असेल तर तेही नोंदलेलं असतं.

मतदान शोधायचं तर हाऊसच्या क्लर्कचं, म्हणजे सभागृहाच्या नोंदी ठेवणाऱ्या अधिकाऱ्याचं, संकेतस्थळ, सिनेटसाठी सिनेटचं. इथे बहुतेक जण अंतिम मत बघून थांबतात. 24 मार्च 2023 ला हाऊसने 'पालक हक्क' विधेयक, एच. आर. 5, 213 विरुद्ध 208 मतांनी मंजूर केलं. जवळजवळ पक्षरेषेवरचं मत, त्यातून कोण कुठल्या पक्षात आहे याहून फारसं कळत नाही. पण त्याच विधेयकावर केंटकीचे थॉमस मॅसी यांनी शिक्षण विभागाचे शालेय अधिकार संपवावेत अशा अर्थाची दुरुस्ती आणली होती. ती 161 विरुद्ध 265 अशी पडली, कारण साठ रिपब्लिकन सदस्यांनीही विरोध केला. शिक्षण विभागाबद्दल एखाद्याला खरंच काय वाटतं ते अशा दुरुस्तीवरच्या मतात दिसतं. म्हणून विधेयकाच्या पानावर दुरुस्त्यांचा भाग उघडल्याशिवाय उठू नका.

उलट बाजूची काळजीही घ्या. 3 जुलै 2025 ला 218 विरुद्ध 214 मतांनी मंजूर झालेल्या मोठ्या कर विधेयकात वर सांगितलेली करसवलत होती, मेडिकेड, म्हणजे गरिबांसाठीचा सरकारी आरोग्य विमा, होतं, सीमेवरचा खर्च होता, विद्यार्थी कर्जाचे बदलही होते. अशा गाठोड्यावरच्या एका मतातून शिक्षणाची भूमिका काढणं अन्यायाचं आहे, मग उमेदवार तुमच्या आवडीचा असो वा नसो.

सभागृहातली भाषणं काँग्रेशनल रेकॉर्डमध्ये छापली जातात. समित्यांच्या सुनावण्या गव्हइन्फो डॉट गव्हवर मिळतात. शिक्षणासाठी हाऊसमध्ये 'एज्युकेशन अँड वर्कफोर्स' आणि सिनेटमध्ये 'हेल्प' नावाने ओळखली जाणारी समिती.

उमेदवार नवा असेल तर

खरी मेहनत इथे आहे. तो राज्यात आमदार असेल तर राज्याच्या विधिमंडळाच्या संकेतस्थळावर विधेयकं आणि मतं मिळतात. पूर्वी स्कूल बोर्डावर असेल तर त्याहून चांगलं. सभांची इतिवृत्तं, कोणत्या ठरावावर कुणी काय मत दिलं, बजेटला कुणी विरोध केला, हे स्कूल डिस्ट्रिक्टच्या संकेतस्थळावर वर्षानुसार लावलेलं असतं. अनेक ठिकाणी सभांचं चित्रीकरणही असतं. पुस्तकं काढण्याच्या वादात किंवा शिक्षकांच्या कराराच्या वेळी माणूस जे बोलतो, ते पत्रकावर कधी येत नाही. वेळ कमी असेल तर बाकी सोडा, पण इतिवृत्तं वाचा.

पाच हजार डॉलरपेक्षा जास्त जमवले किंवा खर्च केले की हाऊसच्या उमेदवाराला केंद्रीय निवडणूक आयोगाकडे नोंदणी आणि हाऊसच्या क्लर्ककडे आर्थिक विवरणपत्र देणं बंधनकारक होतं. विवरणपत्रात इतर संस्थांमधली पदंही द्यावी लागतात, त्यामुळे उमेदवार एखाद्या खासगी शाळेच्या किंवा चार्टर शाळांच्या (सरकारी पैशावर पण स्वतंत्रपणे चालणाऱ्या शाळांच्या) संस्थेच्या मंडळावर असेल तर ते कळतं. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर 200 डॉलरच्या वरच्या देणगीदारांची नावं, व्यवसाय आणि नोकरीचं ठिकाण दिसतं. शिक्षक संघटनांच्या समित्या कुणाला पैसे देतात तेही दिसतं. पैसा म्हणजे मत नव्हे, पण प्रश्न कुठे विचारायचा ते त्यावरून समजतं. या यादीतले पत्ते घेऊन व्यापारी जाहिराती पाठवणं किंवा वर्गणी मागणं कायद्याने मना आहे. आपल्या मंडळांनीही हे लक्षात ठेवावं.

प्रचाराच्या संकेतस्थळावरचा शिक्षणाचा मजकूर प्रायमरीनंतर बदलला का, हे वेबॅक मशीनवर, आणि आधीच्या निवडणुकांसाठी लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या निवडणूक संग्रहातही, जुनी पानं काढून पाहता येतं.

लेखी अर्ज कधी आणि कसा

काँग्रेस स्वतः फोइआच्या बाहेर आहे, त्यामुळे खासदाराच्या कार्यालयाकडे या कायद्याखाली काही मागता येत नाही. पण त्याने शिक्षण विभागाला लिहिलेली पत्रं विभागाकडे असतात, आणि ती विभागाकडून मागता येतात.

भारतात माहिती अधिकाराचा अर्ज केलेल्यांना हे ओळखीचं वाटेल. फक्त दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट नाही आणि मुदत 30 दिवसांऐवजी कामाचे 20 दिवस. अर्जात आपलं नाव, ईमेल किंवा पत्ता, खासदाराचं नाव, विषय आणि दोन तारखा लिहा: या दिवसापासून त्या दिवसापर्यंत. 'सर्व पत्रव्यवहार' असं लिहिलेला अर्ज रेंगाळतो. 'विद्यार्थी कर्जाबाबत पाठवलेली पत्रं आणि त्यांना दिलेली उत्तरं' असं नेमकं मागा. किती डॉलरपर्यंत शुल्क द्यायची तयारी आहे तेही लिहा. व्यापारी हेतू नसलेल्या सामान्य अर्जदाराला शोधाचे पहिले दोन तास आणि पहिली 100 पानं फुकट असतात. पासपोर्टची प्रत किंवा सोशल सिक्युरिटी क्रमांक जोडायची गरज नाही, जोडूही नका. नकार आला तर अपिलासाठी किमान 90 दिवस मिळतात.

राज्य आणि स्कूल बोर्डाकडचे अर्ज त्या त्या राज्याच्या कायद्याखाली जातात. न्यू जर्सीत या कायद्याचं नाव ओप्रा, तिथे साधारणपणे कामाचे सात दिवस. मिशिगनमध्ये कामाचे पाच दिवस, पण तिथलं विधिमंडळ आणि गव्हर्नर या कायद्याच्या कक्षेत येत नाहीत. त्यामुळे आमदाराची पत्रं मिळणार नाहीत, स्कूल बोर्डाची मिळतील.

मुदत संपायच्या आत कागद हातात पडेलच असं धरून चालू नका. मार्च 2025 मध्ये शिक्षण विभागातले जवळजवळ निम्मे कर्मचारी कमी करण्याचा निर्णय जाहीर झाला. नोव्हेंबरच्या मतदानासाठी हवी असलेली पत्रं उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच मागा. तोवर ऑनलाइन सापडलेल्या प्रत्येक मताचा रोल कॉल क्रमांक (त्या मतदानाचा नोंदणी क्रमांक) आणि तारीख वहीत लिहून ठेवा. टाऊन हॉलमध्ये, म्हणजे उमेदवाराच्या मतदारांशी होणाऱ्या सभेत, प्रश्न विचारायला तुमचा नंबर लागेल तेव्हा ती वही हातात असू द्या.