असममित माहिती व कंपनीची भांडवल-उभारणी

कंपनीची खरी स्थिती व्यवस्थापनाला जेवढी ठाऊक असते तेवढी भागधारकांना किंवा बँकेला नसते. या तफावतीचा, म्हणजेच असममित माहितीचा, निधी उभारणीच्या मार्गावर आणि कंपनीच्या मूल्यावर होणारा परिणाम, हा या विवेचनाचा विषय. मोदिग्लियानी व मिलर या अर्थशास्त्रज्ञांच्या 1958 च्या सिद्धांतात सर्वांना सारखीच माहिती असते असे गृहीत होते. म्हणून तेथे, कर बाजूला ठेवल्यास, कर्ज-भांडवलाच्या प्रमाणाने मूल्य बदलत नाही.

कल्पनेचा उगम सामान्यतः जॉर्ज अकरलॉफ यांच्या 1970 च्या लेखात मानतात. जुन्या मोटारींच्या उदाहरणामुळे (गाडीतला दोष विकणाऱ्याला ठाऊक, घेणाऱ्याला नाही) तो गाजला. त्यातील भारताविषयीचा भाग मात्र क्वचितच कोणी उद्धृत करतो. शहरी बँकांचे दर 6 ते 10 टक्के असताना गावचा सावकार 15, 25, प्रसंगी 50 टक्के कसा घेऊ शकतो, हा तेथील प्रश्न. सावकार ऋणकोला ओळखतो आणि वसुलीही करू शकतो. बाहेरचा कोणी स्वस्त दराने उतरला तर बुडवे तेवढे त्याच्या गळ्यात पडतात, असे उत्तर अकरलॉफ देतात. सावकारीला तोंड देण्यासाठी निघालेल्या सहकारी चळवळीचाही तेथे उल्लेख आहे. सहकारावर उभ्या राहिलेल्या कोल्हापूरसारख्या जिल्ह्याच्या दृष्टीने लेखाचा हाच भाग अधिक मोलाचा ठरावा.

आधी स्वतःची शिल्लक, मग कर्ज, अगदी शेवटी नवे शेअर, या उतरंडीच्या जनकत्वाबद्दल मतभेद आहेत. गॉर्डन डोनाल्डसन यांनी 1961 मध्येच कंपन्यांचा हा कल नोंदवला होता. कारणमीमांसा मायर्स व मज्लूफ यांनी 1984 मध्ये मांडली. निरीक्षण पहिल्याचे व सिद्धांत दुसऱ्यांचा, असे मानणे अधिक सयुक्तिक दिसते.

समजा, कोल्हापूरजवळच्या शिरोलीतील एका फौंड्रीचे (धातूच्या ओतकामाच्या कारखान्याचे) खरे मूल्य 100 कोटी रुपये आहे, पण बाजार ते 80 कोटी धरतो. नव्या भट्टीला 20 कोटी हवेत आणि तिच्यातून, खर्च वजा जाता, 2 कोटींची भर पडणार आहे. शेअर विकले तर बाजाराच्या हिशेबाने एकूण 80 + 20 = 100 कोटींत नवे भागधारक 20 टक्क्यांचे धनी होतात. एकूण 122 कोटींपैकी जुन्यांकडे 97.6 कोटीच उरतात, म्हणजे भट्टी न घेतलेलीच बरी. कर्ज काढल्यास, ते वजा जाता, 102 कोटी राहतात. बाजारही हे ओळखून असतो: जिचे मूल्य कमी धरले गेले ती कंपनी शेअर विकत नाही, तेव्हा विकणारीचे मूल्य बहुधा जास्तच धरलेले असणार. शेअरविक्री जाहीर होताच भाव सहसा उतरतो तो यामुळे.

श्याम-सुंदर व मायर्स (1999) यांना अमेरिकी आकडेवारीत या उतरंडीला आधार मिळाला. फ्रँक व गोयल (2003) यांना मात्र, माहितीची दरी जेथे सर्वाधिक असावी त्या लहान कंपन्यांतच ही उतरंड ढासळलेली आढळली. हा आक्षेप सहज बाजूला सारण्यासारखा नाही.

कोल्हापुरातील बहुतेक फौंड्री भागीदारीत किंवा प्रायव्हेट लिमिटेड असल्याने उतरंडीची शेवटची पायरी त्यांच्यापुरती नसल्यासारखीच. प्रश्न उरतो बँकेचा. सीसी (कॅश क्रेडिट, म्हणजे मर्यादेपर्यंत हवी तेव्हा उचल देणाऱ्या) खात्यावरील उचल स्टॉक स्टेटमेंटवरून ठरते; त्यात कच्चा माल, तयार कास्टिंग आणि येणे बाकी दिसते, पण रिजेक्शन (सदोष म्हणून नाकारला गेलेला माल) किती वाढले किंवा कोणते मोठे गिऱ्हाईक सुटण्याच्या बेतात आहे, हे दिसत नाही. म्हणून जागेचे तारण आणि मालकाची वैयक्तिक हमी मागितली जाते. साखर कारखान्याला मालतारण कर्ज त्या मानाने सोपे: गोदामातील पोती मोजता येतात, साखरेचा भाव जगजाहीर असतो. अडचणीतल्या कारखान्याला नवे कर्ज घेताना मात्र शासनाची थकहमी (कर्ज थकल्यास ते फेडण्याची हमी) शोधावी लागते.