दोषसिद्धीमुळे लोकप्रतिनिधीची अपात्रता

फौजदारी गुन्ह्यात दोषी ठरलेल्या खासदाराचे किंवा आमदाराचे पद संपुष्टात येणे आणि पुढे ठरावीक काळ त्याला निवडणूक लढवता न येणे, यास दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता म्हणतात. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, 1951 च्या कलम 8 नुसार दोन वर्षे किंवा अधिक कारावास झाल्यास ती दोषसिद्धीच्या दिवसापासून लागू होते आणि सुटकेनंतर आणखी 6 वर्षे टिकते. भ्रष्टाचारासारख्या काही गुन्ह्यांत नुसता दंड झाला तरी ती टळत नाही.

पूर्वी विद्यमान सदस्याने तीन महिन्यांत अपील दाखल केले, की त्याचा निकाल लागेपर्यंत पद शाबूत राहत असे. ही सवलत सर्वोच्च न्यायालयाने लिली थॉमस खटल्यात 10 जुलै 2013 रोजी घटनाबाह्य ठरवली. आता पद वाचवायचे तर शिक्षेला स्थगिती मिळून भागत नाही, दोषसिद्धीलाच स्थगिती मिळवावी लागते.

ठाणे जिल्ह्यात या कायद्याची मर्यादा उल्हासनगरात ठळकपणे दिसते. पप्पू कलानी तेथून 1990 पासून सलग चार वेळा आमदार झाले, तुरुंगात असतानाही निवडून आले, कारण कच्च्या कैद्याच्या उमेदवारीला कायद्याची आडकाठी नाही. 2009 मध्ये त्यांचा पराभव झाला. 1990 मधील एका खुनाबद्दल कल्याण सत्र न्यायालयाने त्यांना जन्मठेप सुनावली ती 2013 मध्ये, म्हणजे 23 वर्षांनी. तोवर काढून घ्यायला आमदारकी उरलीच नव्हती. पुढच्याच वर्षी त्यांच्या पत्नी ज्योती कलानी राष्ट्रवादी काँग्रेसतर्फे त्याच मतदारसंघातून आमदार झाल्या, कारण अपात्रता व्यक्तीला लागते, घराण्याला नाही, आणि ते योग्यच आहे. अन्याय आहे तो विलंबात: मृताच्या कुटुंबावर तर आहेच, पण न्यायालयाचा निर्णय समोर नसताना चार वेळा मतदान केलेल्या उल्हासनगरकरांवरही आहे.

निकाल लागेपर्यंत मतदाराच्या हाती राहते ते उमेदवाराचे नमुना 26 मधील शपथपत्र. त्यात प्रलंबित खटल्याचा गुन्हा क्रमांक, पोलीस ठाणे, कलमे आणि आरोपनिश्चितीची तारीख लिहावी लागते, आणि 2018 पासून ही माहिती प्रचारकाळात वर्तमानपत्रांतही छापावी लागते. मात्र खटला किती वर्षे रखडला आहे याचा रकाना त्यात नाही. तो हिशेब वाचणाऱ्याला त्या तारखेवरून स्वतःच मांडावा लागतो.