गस्ट लोड : आकाशातला झोत आणि नियमातला झोत

वैशाखातल्या दुपारी चिकलठाण्याला उतरणाऱ्या विमानाला बसणारे हिसके मराठवाड्यातील प्रवाशांना नवे नाहीत. तापमानवाढीमुळे हे हिसके वाढतील का, असा प्रश्न अलीकडे विचारला जातो. मात्र विमानाच्या रचनेचे नियम ज्याला ‘गस्ट’ म्हणतात तो झोत (म्हणजे विमानाच्या सांगाड्याने सोसायलाच हवा असा ठरवून दिलेला उभा झोत; त्याने पडणारा भार तो ‘गस्ट लोड’) आणि वळवाच्या इशाऱ्यात ‘सोसाट्याचा वारा’ म्हणून येतो तो झोत एक नव्हेत, आणि बहुतेक चर्चा इथेच घसरते.

झोतात सापडलेल्या विमानाचे वर्तन कसे असते, यावर १९१५ सालीच अमेरिकेत शासकीय अहवाल निघाला होता. पुढे १९३०च्या दशकात प्रवासी विमानांमध्ये वेग आणि धक्का यांची रेघ काजळी धरलेल्या काचेवर ओढणारी उपकरणे बसवण्यात आली. या उपकरणांनी वारा मोजला नाही. विमानाला बसलेला हिसका मोजला. त्या हिसक्यावरून सूत्राच्या आधारे उलट गणित करून जो उभा वेग निघाला, त्यालाच झोताचा वेग मानले गेले. १९५३च्या सुधारित सूत्राने तर झोताची लांबीही पंखाच्या पुढून मागे मोजलेल्या रुंदीच्या २५ पट धरली. म्हणजे पंख रुंद झाला की झोतही लांब होणार! हवेला अर्थातच विमानाचे माप ठाऊक नसते. तरीही याच सूत्रावर झोताच्या वेगाचे सेकंदाला ६६, ५० आणि २५ फूट हे तीन आकडे, विमानाच्या तीन वेगांसाठी, कित्येक दशके नियमात राहिले.

१९९०च्या दशकात ही पद्धत बदलली. झोत पूर्ण जोरावर येण्यासाठी लागणारे अंतर ३० ते ३५० फूट यांदरम्यान बदलून पाहायचे आणि त्यातले जे अंतर त्या विमानाला सर्वाधिक जाचक ठरेल ते धरायचे, असे ठरले. समुद्रसपाटीला सेकंदाला ५६ फूट आणि १५,००० फुटांवर ४४ फूट, असे नवे संदर्भवेग आले. जुने आणि नवे आकडे शेजारी ठेवून नियम कडक झाला की सैल झाला असे म्हणता येत नाही, कारण दोन्हींची व्याख्याच वेगळी आहे. मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते हे, की अशा आकड्यांमागे झालेल्या उड्डाणांच्या नोंदी असतात आणि वैमानिक रडारवर ढग पाहून वळसा घालतो. टाळलेला झोत नोंदीत येत नाही, म्हणून या नोंदी जितक्या वातावरणाच्या आहेत तितक्याच वैमानिकांच्या सावधगिरीच्याही आहेत.

हवामानबदलाचा मुद्दा यात फार उशिरा आला. २०१३ सालच्या एका अभ्यासाने कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाल्यास उत्तर अटलांटिकवर हिवाळ्यात हवेतील मध्यम किंवा त्याहून तीव्र खळबळीचे (टर्ब्युलन्सचे) प्रमाण ४० ते १७० टक्क्यांनी वाढेल असे दाखवले. २०२३च्या दुसऱ्या अभ्यासानुसार त्याच भागातील एका सर्वसाधारण ठिकाणी निरभ्र हवेतील तीव्र खळबळ १९७९ मध्ये वर्षाला १७.७ तास होती, ती २०२० मध्ये २७.४ तासांवर गेली. याचे कारण असे, की उड्डाणाच्या उंचीवर उष्ण आणि थंड अक्षांशांतील तापमानाचा फरक वाढतो, त्यामुळे वरचे आणि खालचे वारे एकमेकांपासून अधिक वेगळ्या वेगाने वाहतात आणि हवा घुसळली जाते. मराठवाड्याच्या वळवातील हिसक्यांचे कारण निराळे आहे. तापमान एका अंशाने वाढले की हवेची बाष्पधारणा सुमारे ७ टक्क्यांनी वाढते आणि गडगडाटी ढगांना अधिक ऊर्जा मिळू शकते. (कृत्रिम पावसासाठी २०१५ आणि २०१९ मध्ये औरंगाबादहून उडालेल्या विमानांना मात्र ढगाखालचे चढते झोत शोधावे लागत, जे बाकीची विमाने टाळतात.)

परंतु हे सर्व आकडे खळबळ किती वेळा किंवा किती काळ होते याबद्दल आहेत, तर रचनेचा भार, म्हणजे विमान ज्यासाठी मजबूत बांधले जाते तो भार, विमानाच्या आयुष्यात एखाद्या वेळीच गाठला जाईल अशा टोकाच्या झोतावर ठरतो. वारंवारता वाढली म्हणजे टोकही तितकेच वाढले, असा अर्थ होत नाही. पहिला परिणाम वारंवारच्या हिसक्यांनी धातूला येणाऱ्या थकव्यावर, आणि म्हणून विमानाच्या दोन तपासण्यांमधील अंतरावर होणे अधिक संभवते. झोत जाणवताच पंखाची पृष्ठे हलवून भार कमी करणाऱ्या यंत्रणेच्या भरवशावर आता पंख हलके केले जातात. मात्र ती यंत्रणा किती भार उतरवते याचा हिशेबही नियमातल्या त्याच झोतावर केला जातो.