ताटात उरलेलं, ओठांवर न आलेलं

रेस्टॉरंटच्या मालकानं तळणाचं तेल बदललं. कारण काहीही असेल, जुनं महाग झालं असेल किंवा मिळेनासं झालं असेल. महिना उलटला, तक्रारी आल्या दोन-तीन. मालक निश्चिंत झाला. लोकांना नवं तेल चाललं म्हणायचं!

मौन म्हणजे संमती हा हिशेब आपण सगळेच करतो, त्यामुळे मालकाला हसण्यात अर्थ नाही. पण तक्रारींची संख्या हे एक मोजमाप आहे आणि मोजमाप करणारं साधन आधी तपासावं लागतं. थर्मामीटर बिघडलेला असेल, तर पारा खाली राहिला म्हणून ताप नाही असं कोणी डॉक्टर म्हणणार नाही.

एक तक्रार मालकाच्या कानापर्यंत यायची तर आधी गिऱ्हाइकाला बदल जाणवायला हवा. तो खटकायला हवा. मग त्यानं तोंड उघडायला हवं, आणि ज्याच्यापाशी उघडलं त्यानं ते वर पोचवायला हवं. चारही ठिकाणी गळती असते, आणि सगळ्यात मोठं भोक तिसऱ्या ठिकाणी असतं.

नेहमीचंच दृश्य आहे. बिल ठेवताना वेटर विचारतो, "जेवण कसं होतं?" समोरचा हसून म्हणतो, "छान." हे म्हणताना त्याचा हात अर्ध्या उरलेल्या पास्त्यावर पेपर नॅपकिन पसरत असतो. खोटं बोलायचा त्याचा हेतू नसतो. सोबत पाहुणे असतात, उशीर झालेला असतो, वेटरचा त्यात काही दोष नाही हेही त्याला कळत असतं. शिवाय सांगून उपयोग काय? पुढच्या वेळी दुसरीकडे जाणं त्याहून सोपं. तोंडदेखलं उत्तर देऊन तो उठतो.

वेटरचीही तीच गत. सिडनी रोझेन आणि अब्राहम टेसर या मानसशास्त्रज्ञांनी १९७० साली प्रयोगांतून दाखवलं, की चांगली बातमी माणसं चटकन आणि पूर्ण सांगतात. वाईट बातमी सांगायची वेळ आली की आखडतात, अर्धवट सांगतात किंवा गिळून टाकतात. वेटर आणि शेफ यांच्यामधल्या त्या चार पावलांत किती तक्रारी गिळल्या जात असतील, याची नोंद कुठल्याच वहीत नसते.

आता थोडं गणित. संख्याशास्त्रात 'तीनचा नियम' नावाचा एक झटपट हिशेब आहे. एखादी गोष्ट अमुक वेळा तपासली आणि ती एकदाही घडली नाही, तर ३ ला त्या संख्येनं भागायचं. येणारा आकडा म्हणजे ती गोष्ट जास्तीत जास्त किती प्रमाणात घडत असू शकेल, याची ९५ टक्के खात्रीची मर्यादा. औषधांच्या दुष्परिणामांबाबत हा नियम फार कामाचा आहे. आपण तो जेवणाच्या टेबलावर आणू. समजा, ३०० जणांनी नव्या तेलातलं खाल्लं आणि एकाचीही तक्रार आली नाही. ३ भागिले ३००, म्हणजे १ टक्का. तक्रार करणारे शंभरात एकापर्यंत असू शकतात. छान वाटतं ना? पण नाराज झालेल्या २० जणांमधला एकच बोलतो असं धरलं, तर नाराजांचं प्रमाण २० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतं. शून्य तक्रारी आणि पाचातला एक नाराज या दोन गोष्टी एकाच रेस्टॉरंटमध्ये सुखानं नांदू शकतात. २० मध्ये १ हा आकडा मी सोयीसाठी घेतला आहे. महागडं जेवण असेल तर जास्त लोक बोलतात, साध्या सँडविचसाठी कोण वाद घालत बसतो?

शांततेचा अर्थ दर वेळी वाईटच असतो असं मात्र नाही. कधी कधी बदल खरंच जाणवत नाही. अर्न्स्ट वेबर या जर्मन शास्त्रज्ञानं एकोणिसाव्या शतकातच दाखवलं होतं, की मूळ प्रमाणाच्या तुलनेत फरक पुरेसा मोठा असेल तरच तो इंद्रियांना कळतो. ऑस्ट्रेलियात झालेल्या एका प्रयोगात पावातलं मीठ दर आठवड्याला थोडं थोडं कमी करत सहा आठवड्यांत एक चतुर्थांश घटवलं, तरी खाणाऱ्यांना पत्ता लागला नाही. क्राफ्ट कंपनीनं मॅकरोनी अँड चीजमधले कृत्रिम रंग काढून पाप्रिका, अनाटो आणि हळद वापरली. डिसेंबर २०१५ मध्ये नवा माल गाजावाजा न करता दुकानांत आला. पाच कोटींहून जास्त डबे विकले गेल्यावर, मार्च २०१६ मध्ये, कंपनीनं जाहिरात केली की बघा, कळलं का तुम्हाला? हा दावा मला बराच पटतो, कारण त्यामागे नुसती शांतता नव्हती, विक्रीचे आकडेही होते.

पण 'कळलं नाही' आणि 'मान्य आहे' यांत अंतर आहे. मॅकडोनाल्ड्सनं १९९० साली अमेरिकेत फ्राइज गोमांसाच्या चरबीऐवजी वनस्पती तेलात तळायला सुरुवात केली. चव मात्र तीच राहावी म्हणून त्यात गोमांसापासून केलेला स्वाद होता. अनेक शाकाहारी माणसं त्या निर्धास्तपणे खात राहिली. ती समाधानी होती म्हणून गप्प नव्हती, त्यांना माहीतच नव्हतं. २००१ मध्ये प्रकरण कोर्टात गेलं आणि पुढच्या वर्षी कंपनीनं माफी मागून एक कोटी डॉलर देण्याचं मान्य केलं.

मला सगळ्यात फसवा वाटतो तो तक्रारी कमी होत जाण्याचा प्रकार. अर्थशास्त्रज्ञ आल्बर्ट हर्शमन यांना नायजेरियाच्या रेल्वेचं कोडं पडलं होतं. ट्रकांची स्पर्धा असूनही रेल्वे सुधारत का नव्हती? त्यांचं १९७० मधलं उत्तर असं, की ज्यांनी आरडाओरडा करून रेल्वेला जागं केलं असतं, तेच आपला माल घेऊन ट्रककडे गेले. दर्जाबद्दल सर्वांत काटेकोर असणारे आधी जातात. रेस्टॉरंटमध्येही पहिल्या आठवड्यात दहा तक्रारी, चौथ्या आठवड्यात एक, असा आलेख दिसला की मालकाला वाटतं लोक रुळले. नऊ जण रुळले की उठून गेले, हे त्या आलेखात दिसत नाही.

उलटही होतं. १९८५ मध्ये कोका-कोलानं नवी चव जाहीर केल्यावर कंपनीकडे दिवसाला १,५०० फोन येऊ लागले आणि ७९ दिवसांत जुनी चव परतली. गंमत अशी, की त्याच पेयातली साखर काढून मक्याचं सिरप घालण्याचं काम अमेरिकेत १९८० पासून टप्प्याटप्प्यानं झालं होतं, तेव्हा असं वादळ उठलं नव्हतं. तक्रारीचा आवाज चवीपेक्षा घोषणेवर जास्त ठरतो की काय, असा संशय येतो.

मग शोधायचं कसं? नीट विचारलं तर लोक सांगतात. डॉमिनोजनं अमेरिकेत गिऱ्हाइकांना बसवून विचारलं, तेव्हा "पिझ्झाचा बेस पुठ्ठ्यासारखा लागतो" असं ऐकावं लागलं. कंपनीनं ते चक्क जाहिरातीत दाखवलं, पाककृती बदलली आणि २०१० च्या पहिल्या तिमाहीत तिथल्या जुन्या दुकानांची विक्री १४.३ टक्के वाढली. फरक कळतो की नाही एवढंच पाहायचं असेल, तर त्रिकोणी चाचणी पुरते. तीन वाट्या ठेवायच्या, दोनांत जुना पदार्थ, एकात नवा, आणि वेगळी कोणती ते ओळखायला सांगायचं. निव्वळ अंदाजानं ३० जणांतले १० बरोबर येतील. १५ किंवा जास्त आले, तर फरक कळतो असं धरायला हरकत नाही. आणि ताटांत उरलेलं वजन करून पाहायचं. भांडी घासणाऱ्याला पदार्थ बिघडल्याचं मालकाच्या आधी कळलेलं असतं.

तक्रारीच मोजायच्या असतील, तर ते साधन किती बहिरं आहे हे काढायला एक फुकटची संधी मिळते. समजा, सूपच्या पातेल्यात चुकून दुप्पट मीठ पडलं आणि लक्षात येईपर्यंत ४० वाट्या बाहेर गेल्या. तक्रार आली एक. इतक्या ढळढळीत चुकीला ४० मागे १, तर तेलाच्या बारीकशा फरकाला किती? असा दिवस स्वयंपाकघरात कधीतरी येतोच. त्या दिवशी आचाऱ्यावर ओरडून झालं, की गेलेल्या वाट्या आणि आलेल्या तक्रारी हे दोन आकडे शेजारी-शेजारी लिहून ठेवायला दोन मिनिटं लागतात.