थीवाची पांढर

ग्रीसमधल्या थीवा गावात इडिपस राजाच्या नावाचा रस्ता आहे. पिंडार कवीच्या नावाचा आहे, पेलोपिडास आणि एपामिनोंडास या सेनापतींच्या नावांचेही आहेत. अथेन्सच्या वायव्येला सुमारे 50 किलोमीटरवर, वीस हजारांहून थोड्या अधिक वस्तीचं हे गाव. चौकटीत आखलेले रस्ते, काही मजल्यांच्या साध्या इमारती, खाली दुकानं आणि कॉफीची टेबलं. मध्येच कुठेतरी दोन इमारतींच्या बेचक्यात जाळीचं कुंपण दिसतं. पलीकडे रस्त्याच्या पातळीखाली उतरलेला खड्डा असतो आणि त्यात दगडी भिंतींची जोती. सव्वातीन हजार वर्षांपूर्वी इथे राजवाडा होता. त्याचा बाकीचा भाग शेजारच्या इमारतींखाली गेलेला आहे.

थीवा म्हणजे पुराणातलं आणि इतिहासातलं थीब्ज. इजिप्तमध्येही त्याच नावाचं एक नगर होतं, ते वेगळं. इथलं थीब्ज म्हणजे इडिपसची नगरी, सात दरवाजांची, फिनिशियातून आलेल्या कॅडमसने वसवली असं ग्रीक मानत. म्हणून गावाच्या मधल्या टेकाडाला कॅडमिया म्हणतात. हे टेकाड लांबीला किलोमीटरभरही नाही. पण जवळजवळ पाच हजार वर्षं माणसं त्यावर घरं बांधत, पाडत, पुन्हा बांधत आली आहेत.

आपल्या गावगाड्यात 'काळी' आणि 'पांढरी' असे दोन शब्द आहेत. काळी म्हणजे कसायची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. वस्तीची माती पांढुरकी होते, कारण पिढ्यान्‌पिढ्यांची चुलीतली राख, शेण, चुना आणि पडलेल्या भिंतींची माती तिच्यात मिसळत राहते. कॅडमियाचं टेकाड मुळात नैसर्गिक असलं, तरी त्याच्या वरचा थर अशीच एक जाडजूड पांढर आहे. जोतं दगडाचं आणि वर कच्च्या विटांची भिंत, ही तिथली जुनी बांधणी. असं घर पडलं की दगड उचलून नेतात, कारण दगड कामाचा असतो. विटांचा ढिगारा मात्र कोण वाहून नेणार? तो सपाट करून त्यावरच नवं घर उभं राहतं आणि जमीन वर चढते. हे इतक्या वेळा झालं, की खालचं घर कोणाचं हे वरच्याच्या गावीही राहिलं नाही.

हे गाव पुसून टाकण्याचा प्रयत्न झालाच नाही असं नव्हे. इसवी सनपूर्व 335 मध्ये अलेक्झांडरने थीब्ज जमीनदोस्त केलं आणि वाचलेल्या लोकांना गुलाम म्हणून विकलं. वीसेक वर्षांत मॅसिडोनियाच्याच कसांडरने ते पुन्हा वसवलं. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात पौसानियास हा प्रवासी इथे आला तेव्हा खालचं शहर देवळं वगळता ओस पडलं होतं, लोक फक्त टेकाडावर राहत होते आणि त्या टेकाडालाच थीब्ज म्हणत होते. मध्ययुगात हेच गाव रेशमासाठी नावाजलं, इतकं की 1147 मध्ये सिसिलीच्या नॉर्मनांनी ते लुटलं तेव्हा ते इथले रेशीम कारागीरही उचलून घेऊन गेले. मग पश्चिम युरोपातले फ्रँक सरदार आले, त्यांनी किल्ला बांधला. त्याचा एक बुरूज आजही संग्रहालयाच्या आवारात उभा आहे.

शेवटी भूकंप. कोरिंथचं आखात वर्षाला सुमारे एक ते दीड सेंटीमीटरने रुंदावतं आहे. कवच ताणलं जातं, तुटतं, आणि त्या तुटण्याचे धक्के आसपासच्या सगळ्या मुलखाला बसतात. 1853, 1893 आणि 1914 मध्ये थीवा हादरलं. आजच्या गावाचं रूप या पडझडीनंतरचं आहे. जुन्या गल्ल्या गेल्या, सरळ रस्ते आले, आणि प्रत्येक नव्या पायाबरोबर खालच्या थरांत नवी भोकं पडली.

मायसिनीशी तुलना केली की थीवाची अडचण नीट कळते. मायसिनी हे त्याच काळातलं दुसरं राजवाड्याचं नगर. ते ओसाड पडलं होतं, म्हणून 1876 मध्ये हाइनरिश श्लीमान या उत्खनकाला तिथे थेट कुदळ मारता आली. डेल्फीमध्ये तर प्राचीन देवळावर कास्त्री नावाचं गाव वसलेलं होतं. 1892 मध्ये फ्रेंचांनी मोठं उत्खनन हाती घेतलं, तेव्हा ते अख्खं गाव उठवून बाजूला नेलं. म्हणून आज डेल्फीला लाखो लोक जातात आणि थीवाच्या बाजूने गाडी न थांबवता पुढे निघून जातात. मला विचाराल तर थीवा उठवलं गेलं नाही हे योग्यच झालं. डेल्फीचं देऊळ केव्हाच बंद पडलं होतं. थीब्ज हे नगर बंद पडलेलंच नाही. जे चालू आहे ते हलवून त्याच्या आधीचं पाहायचं, यात पाहण्यातलं निम्मं निघून जातं.

मग इथे उत्खनन होतं तरी कसं? एखाद्या घरमालकाला जुनं घर पाडून इमारत बांधायची असते. पाया खणण्याआधी पुरातत्त्व खात्याचे लोक येतात. भिंत, थडगं, खापरं लागली की काम थांबतं आणि खणण्याचं साधन बदलतं. यंत्राच्या जागी थापी आणि ब्रश येतात. ग्रीसमध्ये जमिनीखालच्या प्राचीन वस्तू सरकारच्या मालकीच्या असतात. महत्त्वाचं काही निघालं तर जागा सरकार संपादन करतं. एरवी नोंद, मोजमाप, छायाचित्रं करून अवशेष पुन्हा बुजवतात, किंवा तळघरात राखून वर इमारत चढू देतात. कोणता प्लॉट कधी खणला जाणार हे विज्ञान ठरवत नाही. ते कुणाच्या मुलाच्या लग्नावर, कुणाच्या वाटणीवर, कुणाच्या कर्जावर ठरतं. प्राचीन थीब्जचा नकाशा अशा सातबाऱ्याएवढ्या तुकड्यांनी भरत आला आहे. 1985 पर्यंतच्या शेकडो तुकड्यांची जुळणी सारांतिस सिमेओनोग्लू या संशोधकाने एका नकाशावर केली, आणि त्यातून अख्ख्या गावाची काही कल्पना आली.

तुकड्यांनी काम करण्यातली खरी ओढाताण राजवाड्याच्या बाबतीत दिसते. 1906 मध्ये आंतोनिओस केरामोपुलोस यांनी गावाच्या मध्यभागी खणायला सुरुवात केली आणि त्यांना जळालेली मोठी वास्तू लागली. तिला त्यांनी 'कॅडमसचं घर' म्हटलं. 1963 मध्ये निकोलाओस प्लातोन आणि एव्ही तुलुपा यांना जवळच दुसरी मोठी वास्तू सापडली. दोन्हींच्या भिंतींच्या दिशा वेगळ्या. हे एकाच राजवाड्याचे दोन भाग, की एक जळाल्यावर बांधलेला दुसरा? मोकळं माळरान असतं तर एक चर खणून दोन्ही भिंती जोडून पाहता आल्या असत्या. इथे मध्ये लोकांची घरं आहेत. त्यामुळे उत्तर खापरांकडून काढावं लागतं. जळाल्या थरात कोणत्या घडणीची भांडी सापडली, त्यावरची नक्षी किती जुनी, यावरून आगीचा काळ ठरवायचा, आणि मग दोन आगी जुळतात का ते पाहायचं. जाणकारांत यावर दशकानुदशकं वाद चालला आहे.

1963-64 च्या त्या खोदकामात निळ्या दगडाच्या मुद्रांचा साठाही निघाला. बोटाच्या पेराएवढ्या लांबट नळकांड्या, ओल्या मातीवर लाटण्यासारख्या फिरवल्या की चित्र उमटवणाऱ्या. दगड होता राजावर्त, ज्याला आपले जुने जवाहिरे लाजवर्दही म्हणत. त्याची जुन्या काळातली नामांकित खाण अफगाणिस्तानातल्या बदख्शानमध्ये आहे. या दगडाचा निळा रंग तांब्यामुळे येत नाही, जसं पाहून वाटेल. त्याच्या स्फटिकात पिंजऱ्यासारख्या पोकळ्या असतात आणि त्यांत गंधकाच्या तीन-तीन अणूंचे गट अडकलेले असतात. ते पिवळा आणि लाल प्रकाश शोषतात, निळा सोडून देतात.

तीसहून अधिक मुद्रा, आणि त्यांतल्या बऱ्याच बाबिलोनच्या कॅसाइट राजघराण्याच्या काळातल्या. एकीवर कीलाकार लिपीत किदिन-मार्दुक या अधिकाऱ्याचं नाव आहे. तो बुर्नाबुरियाश या राजाचा माणूस. हा राजा इसवी सनपूर्व चौदाव्या शतकातला. म्हणजे गावातल्या एका खड्ड्यातली वस्तू हजारो किलोमीटर दूरच्या बाबिलोनमधल्या राजाच्या वंशावळीत नेमकी बसवता आली. खापरांवरून केलेल्या अंदाजांना असा पक्का आधार फार क्वचित मिळतो. एडिथ पोराडा या मुद्रातज्ज्ञ बाईंनी कॅसाइट मुद्रांचं एकत्रित वजन पाहिलं. ते सुमारे अर्धा किलो, म्हणजे बाबिलोनच्या मापातला एक मिना भरलं. त्यावरून त्यांनी तर्क मांडला, की असिरियाच्या राजाने बाबिलोन लुटल्यावर तिथला ऐवज भेट म्हणून थीब्जच्या राजाला पाठवला असावा. तर्कच आहे, पण तो तराजूवर उभा आहे.

मला मुद्रांपेक्षाही ओढ वाटते ती तेलाच्या बुधल्यांची. केरामोपुलोस यांना 1921 मध्ये अशा बुधल्यांचा साठा सापडला. वर रिकिबीसारखी दुहेरी मूठ, बाजूला बारीक तोटी, आणि काहींच्या अंगावर रंगाने काढलेली अक्षरं. ही अक्षरं रेखीव-ब (लिनिअर बी) लिपीतली. तेव्हा ती कुणालाच वाचता येत नव्हती. 1952 मध्ये मायकल व्हेन्ट्रिसने लिपी उलगडली आणि कळलं, की भाषा ग्रीकच आहे, फक्त फार जुनी. लिहिलेल्या बुधल्या थीब्जमध्ये सत्तरच्या आसपास झाल्या. त्यांवरची काही नावं क्रीट बेटावरच्या गावांची निघाली.

मग बुधल्याही क्रीटमध्येच घडलेल्या का? 1960 च्या दशकात ऑक्सफर्डच्या संशोधकांनी खापराची पूड विजेच्या ठिणगीत जाळली. प्रत्येक मूलद्रव्य जळताना स्वतःच्या ठरलेल्या रंगाचा प्रकाश देतं. त्या प्रकाशावरून कॅल्शियम, मॅग्नेशियम, निकेल, क्रोमियम किती हे मोजता येतं, आणि प्रत्येक मुलखाच्या मातीत या सगळ्यांचं मिश्रण वेगळं असतं. पहिलं उत्तर आलं, पूर्व क्रीट. ते चुकीचं होतं. तुलनेसाठी घेतलेले मातीचे नमुने अपुरे होते. 1980 मध्ये अधिक नमुने घेऊन पुन्हा तपासलं, तेव्हा बहुतेक बुधल्या पश्चिम क्रीटच्या मातीच्या ठरल्या आणि अक्षरांतल्या गावांशीही त्या जुळल्या. लिपी वाचणाऱ्यांनी आणि माती जाळणाऱ्यांनी आपापल्या वाटेने एकाच बेटाच्या एकाच टोकाला पोचावं, याचा मला आजही आनंद होतो.

अशी ओढाताण आणि असे अनपेक्षित धागे आपल्याकडेही आहेत. पैठण, तेर ही गावं सातवाहन नगरांवर उभी आहेत. कोल्हापुरात ब्रह्मपुरीच्या टेकाडात 1944-45 च्या सुमारास पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची छोटी ब्राँझ मूर्ती निघाली. रोमन जगातून व्यापाराने आलेली ती मूर्ती आज तिथल्याच संग्रहालयात आहे.

पण परत थीवाला येऊ. 1982 मध्ये मातीचे 56 छोटे गोळे सापडले. दोरीच्या गाठीभोवती ओली माती दाबायची, तिच्यावर मुद्रा उमटवायची, वर एक-दोन शब्द आणि एखाद्या जनावराचं चिन्ह कोरायचं. बोकड, मेंढी, डुक्कर, बैल. एक गोळा म्हणजे एका जनावराची पावती. राजवाड्यात मोठी मेजवानी असावी आणि तिच्यासाठी गावोगावांहून जनावरं हाकत आणली असावीत. काही गोळ्यांवर कारिस्तोस आणि अमारिंथोस ही नावं आहेत. ही दोन्ही गावं समुद्रापलीकडे एव्हिया बेटावर आजही त्याच नावांनी नांदत आहेत.

1993 ते 1995 मध्ये वासिलिस अरावान्तिनोस यांना पेलोपिडास रस्त्याखाली दोनशेहून अधिक मातीच्या पाट्या आणि तुकडे मिळाले. धान्य, द्राक्षारस, माणसांची नावं, आणि हंस, क्रौंच, साप, कुत्रे असे प्राणी. काही शब्दांत पृथ्वीमाता आणि तिची कन्या या देवता आहेत असं पाट्या प्रसिद्ध करणाऱ्यांनी म्हटलं. इतर अभ्यासकांनी ते जोरात खोडून काढलं, आणि मला खोडणाऱ्यांची बाजू अधिक भक्कम वाटते. या पाट्या भाजलेल्या नव्हत्या. वर्षाचा हिशेब संपला की माती भिजवून पुन्हा वापरायची, हा रिवाज. इसवी सनपूर्व 1200 च्या आसपास राजवाडा जळाला आणि आगीने त्या भट्टीसारख्या भाजून निघाल्या. वाचल्या त्याही सलग नाहीत. मध्ययुगातल्या लोकांनी धान्याची पेवं आणि विहिरी खणल्या, त्या थेट जुन्या थरांना भेदून गेल्या.

कॅडमसनेच ग्रीसला अक्षरं आणली असं हिरोडोटस या प्राचीन ग्रीक इतिहासकाराने लिहून ठेवलं आहे. ती अक्षरं फिनिशियन वर्णमालेची. रेखीव-ब तिच्या कितीतरी आधीची आणि तिच्याशी संबंध नसलेली. त्या कथेने कॅडमसचं नाव जिथे जोडलं, त्याच टेकाडाच्या पोटात आधीच्या लिहिण्याचा साठा होता, याची हिरोडोटसला कल्पना असणं शक्य नव्हतं.

त्या 56 गोळ्यांपैकी काहींवर तीन चिन्हं आहेत, 'ते-क्व-दे'. शेवटचा 'दे' म्हणजे 'कडे'. 'थीब्जकडे'. जनावर कुठे न्यायचं याचा पत्ता. त्या काळच्या ग्रीकमध्ये 'ग' आणि 'व' एकत्र म्हणावेत तसा एक ध्वनी होता. पुढे त्याचा 'ब' झाला आणि नाव 'थीबाय' झालं. मग 'ब' चा 'व' झाला. अथेन्सहून सुटणाऱ्या बसच्या पाटीवर आज 'थीवा' लिहिलेलं असतं.