समुद्र खाली ओढत नाही, बाहेर नेतो

बार्बाडोसला जाणाऱ्यांना हमखास सांगितलं जातं: पूर्व किनाऱ्यावर पाण्यात उतरू नका, तळाचा प्रवाह माणसाला खाली खेचतो. इशारा रास्त, कारण चुकीचं.

पश्चिमेकडचा कॅरिबियन समुद्र बहुधा शांत असतो. पूर्वेला बाथशेबा या गावी मात्र थेट अटलांटिकच्या लाटा आदळतात. किनाऱ्यावर चढलेलं पाणी वाळूच्या बांधातल्या किंवा खडकांमधल्या खिंडीतून परत फिरतं. हाच रिप करंट. तो साधारण १५ ते ३० मीटर रुंद असतो आणि जोर असेल तर सेकंदाला २ मीटरहून जास्त वेगाने धावतो. तो पृष्ठभागाजवळ सगळ्यात जोरात वाहतो आणि लाटा फुटतात त्या रेषेपलीकडे विरतो.

गंमत म्हणजे ही जागा सगळ्यात निवांत दिसते. दोन्ही बाजूंना फेस, मध्ये गडद पट्टा, तिथे लाट क्वचितच फुटते. नवखा माणूस पोहायला नेमका तोच पट्टा निवडतो.

माणूस बुडतो तो दमून. किनारा समोर दिसतो, म्हणून तो सरळ प्रवाहाविरुद्ध हात मारत राहतो. अशा वेळी आधी उताणं तरंगा, श्वास सावरा. मग किनाऱ्याला समांतर पोहा, फेसाळ लाटांच्या दिशेने, आणि तिथून तिरकं आत या. ताकद नसेल तर तरंगत मदतीसाठी एक हात हलवत राहा. काठावरच्याने त्याच्यामागे पाण्यात उडी घेऊ नये. जीवरक्षकाला हाक मारावी, तरंगणारी वस्तू फेकावी.

किनाऱ्यावर लाल झेंडा असेल तर हे आजमावायला पाण्यात उतरूच नका.